बोक्याची सकाळची साखर सारखी ३५०च्या वर: डोस वाढवण्याआधी काय काय तपासायचं

इन्सुलिन वेळेवर टोचतोय, डोसही वाढवून झाला, तरी सकाळी मीटरवर ३५०, ३८०, कधी ४१०. मधेच एखाद्या दिवशी ९०, की दुसऱ्या दिवशी पुन्हा चारशेच्या पार. मांजर वाटीवर वाटी पाणी संपवतंय, वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे मुठीएवढे गोळे, वजन उतरत चाललंय. आणि घरातला प्रत्येक जण म्हणतोय, अजून अर्धं युनिट वाढवून बघू या का?

आमच्या घरी हे सात महिन्यांत तीनदा झालं. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं, आणि डोस कमी पडतोय असं एकदाही नव्हतं. तांबू दहा वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. मधुमेह कळला तेव्हा सव्वासहा किलोचा होता. त्याला ग्लार्जिन इन्सुलिन चालू आहे, दर बारा तासांनी. मी पशुवैद्य नाही, आणि डोस किती हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण दवाखान्यात तांबू दहा मिनिटं असतो, उरलेला सगळा वेळ आपल्या घरात. कारण बहुतेक वेळा घरातच सापडतं.

सगळ्यात आधी: साखर उतरली तर

मांजर खातंपितं असेल तर साखर ३५० असताना एक दिवस थांबून विचार करता येतो. ३५ असताना एक तासही थांबता येत नाही. म्हणून डोस वाढवायचा विचार करण्याआधी हे घरात सगळ्यांना पाठ हवं.

मांजर झिंगल्यासारखं चालतं, मान खाली पडते, डोळे मोठे आणि शून्य दिसतात, अंगाला कंप सुटतो. कधी अचानक खूप भूक लागते, कधी नुसतं एका कोपऱ्यात जाऊन पडतं. पुढची पायरी झटके. मीटर हाताशी असेल तर मोजा. ६०च्या खाली असेल, किंवा मोजायला वेळच नसेल, तर मध किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. नुसतं हिरड्यांना चोळत दवाखाना गाठा. सावरलं तरी डॉक्टरांना फोन कराच, कारण ग्लार्जिनचा असर बराच वेळ राहतो आणि मधाचा जोर ओसरला की साखर पुन्हा खाली येते. दर पंधरा-वीस मिनिटांनी मोजत राहायचं.

आमच्या स्वयंपाकघरात मधाची छोटी बाटली आता फ्रिजवरच असते, डब्यांच्या मागे नाही.

पहिलं कारण: सिरिंजचं टोपण

ही चूक भारतात अगदी सहज होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे मेडिकलमध्ये दोन तऱ्हेच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात. लाल टोपणाची यू-४०, नारिंगी टोपणाची यू-१००. कारण आपल्याकडे माणसांचं इन्सुलिनही दोन ताकदींत मिळतं: एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असलेली कुपी, आणि एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट असलेली. ग्लार्जिन सहसा १०० युनिटचं असतं. जनावरांसाठी म्हणून जी काही इन्सुलिनं बनवतात, ती मात्र ४० युनिटची असतात.

सिरिंजवरची रेघ त्या त्या ताकदीसाठीच आखलेली असते. यू-१०० सिरिंजमध्ये एक युनिटची रेघ म्हणजे ०.०१ मिली. यू-४० मध्ये तीच रेघ म्हणजे ०.०२५ मिली. म्हणजे १०० युनिटचं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एकच्या रेघेपर्यंत भरलं, तर मांजराच्या अंगात एक नाही, अडीच युनिट जातात. उलट झालं, म्हणजे ४० युनिटचं इन्सुलिन नारिंगीतून दिलं, तर एकाच्या जागी ०.४ युनिट जातं आणि साखर हलतच नाही.

आमच्याकडे पहिल्या महिन्यात नारिंगी सिरिंज होत्या. त्या संपल्यावर मुलगा दुसऱ्या दुकानातून घेऊन आला, त्या लाल. मला वाटलं, कंपनी वेगळी असेल. डोस तोच, एक युनिट. दोन-तीन दिवस आकडे सुंदर आले, ११०, ९५, आणि आम्ही खूश. मग एका सकाळी ४२०. दुसऱ्या दिवशी ८८. तिसऱ्या दिवशी ३९०. डॉक्टर गावाला गेलेले, फोनवर आकडे सांगितले, फक्त चारशेचे सांगितले, आणि दीड युनिटवर गेलो. प्रत्यक्षात जात होतं पावणेचार.

साखर फार खाली गेली की शरीर स्वतःच जिवाच्या आकांताने यकृतातली साठवण रक्तात सोडतं. त्यामुळे रात्री कधी साखर तळाला गेली ते आपण झोपेत असताना होऊन जातं, आणि सकाळी आपल्या हाती पडतो तो उसळी मारलेला मोठा आकडा. तो बघून आपण डोस वाढवतो, आणि पुढच्या रात्री ती आणखी खाली जाते. मांजरात, विशेषतः ग्लार्जिनवर, हे किती वेळा होतं यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. पण एक दिवस नव्वद, एक दिवस चारशे अशी उलटसुलट दिसली, तर डोस जास्त होतोय का हे आधी बघायचं.

त्या चौथ्या रात्री अडीच वाजता मला ट्रेजवळ धप्पकन आवाज आला. तांबू उभा राहायला बघत होता आणि मागचे पाय बाजूला सरकत होते. मीटरवर ३८. हिरड्यांना मध चोळताना त्याची जीभ थंड लागली होती, ती अजून आठवते. वाचला. सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी पिशवीतून सिरिंज काढली, टोपण बघितलं आणि विचारलं, "ताई, ही लाल कधीपासून?"

तेव्हा आत्ता उठा आणि बघा. इन्सुलिनच्या कुपीवर प्रति मिली किती युनिट लिहिलंय, आणि सिरिंजवर काय लिहिलंय. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. टोपणाच्या रंगावर न थांबता सिरिंजवरची अक्षरं वाचा. लहान डोससाठी ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली यू-१०० सिरिंज मिळाली तर तीच घ्या. एक मिलीच्या सिरिंजवर एक युनिट नेमकं भरणं डोळ्यांची परीक्षा आहे.

इंजेक्शन खरंच आत जातंय का

मांजराच्या केसांत सुई आरपार जाऊन इन्सुलिन बाहेर सांडणं फार होतं. कातडीची घडी वर उचलली की तंबूसारखी पोकळी होते. सुई त्या तंबूत गेली पाहिजे, पलीकडून बाहेर नाही. टोचून झाल्यावर तिथे बोट फिरवून वास घ्या. इन्सुलिनला दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा उग्र वास असतो, केस ओले आणि वास तो, म्हणजे गेलं बाहेर. अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही. किती आत गेलं ते आपल्याला माहीत नसतं. एक वेळ साखर वाढलेली चालेल. "थोडंसंच देऊ" हेही नाही.

इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, मधल्या खणात. दारात नको, आणि फ्रीझरला चिकटून तर मुळीच नको, एकदा गोठलं की फेकायचं. ग्लार्जिन निवळशंख दिसायला हवं. गढूळ झालं, कण दिसले, तर नवीन घ्या. ते दुसऱ्या कशात मिसळायचं नाही, पाणी घालून पातळ करायचं नाही, हलवायचं नाही. आमच्याकडे सांगलीत मे महिन्यात दुपारभर वीज गेली की मी फ्रिज उघडतच नाही.

दुसरं कारण, आणि ते सापडलं कसं

सिरिंज बदलली. डॉक्टरांनी पुन्हा एक युनिटपासून सुरुवात केली. दोन आठवडे झाले, सकाळचा आकडा ३४० ते ३८०. मी डॉक्टरांना म्हटलं, आता तरी दीड करू या. ते म्हणाले, आधी एक दिवस घरी बसा आणि दर दोन तासांनी मोजा. दवाखान्यात मोजून उपयोग नाही, कारण मांजर घाबरलं की त्याची साखर भीतीनेच चढते, मधुमेह नसलेल्या मांजराचीसुद्धा तीनशेपर्यंत जाऊ शकते.

रविवारी बसले. वहीतलं जसंच्या तसं देते. सकाळी ७ वाजता, टोचण्याआधी, ३६२. ९ वाजता ३१०. ११ वाजता २२४. दुपारी १ वाजता १५८. ३ वाजता १३६. ५ वाजता २१२. संध्याकाळी ७ वाजता ३४०.

हे आकडे वाचायचे कसे? सकाळचा आकडा बाजूला ठेवा आणि तळ बघा. तळ १३६ आहे, म्हणजे इन्सुलिन काम करतंय आणि नीट करतंय. साधारण ८० ते १५०च्या दरम्यान तळ आला तर डॉक्टर सहसा डोसला हात लावत नाहीत. सकाळच्या ३६२वर बोट ठेवून मी डोस वाढवला असता तर दुपारी तीनचा १३६ कुठे गेला असता, याचा विचार करा. मला तर त्या रविवारनंतर एकट्या सकाळच्या आकड्याचा भरवसाच वाटेनासा झाला.

पण मग तीन ते सात, चार तासांत दोनशेंनी चढण कशी? काही मांजरांत इन्सुलिनचा असर बारा तासांच्या आतच ओसरतो, हे एक कारण असू शकतं. आमच्याकडे वेगळंच निघालं. पाच वाजता कान टोचायला तांबूला मांडीवर घेतलं, तर हनुवटीच्या केसांवर दुधाचा थेंब आणि मिशीला चपातीचा ओला कण चिकटलेला.

आमच्या मजल्यावर दारं दिवसभर उघडी असतात. शेजारच्या काकू पाच वाजता चहा ठेवतात तेव्हा तांबू त्यांच्या उंबऱ्यात जाऊन बसतो, आणि त्या त्याला दूध-चपाती कुस्करून देतात. पहाटे साडेपाचला पुन्हा. म्हणजे माझ्या दोन्ही इंजेक्शनांच्या आधी, दोन्ही वेळा. काकू म्हणाल्या, "अगं, एवढासा घास. दारात बसून तोंडाकडे बघतो, मला राहवत नाही." त्यांचं प्रेमच आहे ते. मी त्यांना रागावले नाही, वही दाखवली. आता त्यांच्या फ्रिजमध्ये एका डबीत उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे असतात, दोन पहाटे, दोन पाच वाजता. पंधरा दिवसांत सकाळचा आकडा २२० ते २६०वर आला. एक थेंब इन्सुलिन न वाढवता.

तुमच्याकडे काकू नसतील तर आजोबांच्या ताटातला भात असेल, दुसऱ्या मांजराची वाटी असेल, रात्रभर उघडं ठेवलेलं कोरडं खाणं असेल. शोधा.

कान टोचणं

हे जमलं नाही तर वरचं काहीच करता येत नाही, म्हणून दोन शब्द. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते, ती आणि कड यांच्यामधली जागा. आधी कान हाताने चोळून किंवा कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या रुमालाने गरम करा, थंड कानातून रक्त येतच नाही. व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवला की रक्ताचा थेंब केसांत पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. कानामागे कापसाचा बोळा धरा, नाहीतर लॅन्सेट, म्हणजे टोचायची छोटी सुई, आपल्याच बोटात. झालं की दहा सेकंद दाबून धरा आणि लगेच आवडीचा एक तुकडा. तांबू आता लॅन्सेटचा खटका ऐकला की स्वतः मांडीवर येतो.

माणसांचं ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात साधारणपणे थोडी कमी साखर दाखवतं, कारण मांजराच्या रक्तात तांबड्या पेशी आणि बाहेरचा द्रव यांच्यात साखरेची वाटणी वेगळी असते. मांजरांसाठी बनवलेली मीटरही असतात. कोणतंही वापरा, पण एकच वापरा आणि डॉक्टरांना ते कुठलं आहे ते सांगा. माणसांच्या दंडाला लावतात तो चौदा दिवसांचा सेन्सर मांजराच्याही खांद्याला लावता येतो. खर्चिक आहे, आणि बरीच मांजरं तो आधीच काढून टाकतात, पण रात्रीचा तळ बघायचा असेल तर फार उपयोगी. त्यावर फार कमी आकडा दिसला तर कानातून मोजून खात्री करून घ्या.

मोजायला जमलंच नाही त्या दिवशी ट्रे बघा. मांजराच्या रक्तात साखर साधारण २७०च्या पुढे गेली की मगच ती लघवीत उतरते, आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून गोळे मोजा, पाणी मापाच्या भांड्याने घाला. गोळे सहावरून तीनवर आले, तर एकट्या सकाळच्या आकड्यावर घाबरायचं कारण नाही.

खाणं

मांजर मुळात मांसावर जगणारं जनावर. पिष्टाची त्याला गरज नाही आणि पेलतही नाही. पाकिटावर पिष्ट किती ते छापलेलं नसतं, काढावं लागतं: १०० मधून प्रथिनं, चरबी, तंतू, राख आणि ओलावा वजा करा. माझ्याकडच्या जुन्या कोरड्या पाकिटावर ३२, १२, ४, ८, १० होतं, उरले ३४. ओलावा सोडून उरलेल्या ९० मधले ३४, म्हणजे ३८ टक्के. ओल्या पाऊचवर ११, ३, १, २, ८०. उरले ३, कोरड्या भागातल्या २० पैकी ३, म्हणजे १५ टक्के. हा फरक आपोआप आकड्यात दिसतो.

पण कोरडं बंद करून एका दिवसात ओलं सुरू करू नका. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते, आणि जुनाच डोस जास्त होतो. डॉक्टरांना आधी सांगा, हळूहळू बदला, त्या दिवसांत रोज मोजा. आणि नुसत्या उकडलेल्या चिकनवर महिनोन्‌महिने ठेवू नका. त्यात पुरेसं कॅल्शियम नाही, टॉरिन म्हणजे मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं पोषकद्रव्य, तेही भरवशाचं नाही, आणि टॉरिन कमी पडलं की हृदय आणि डोळे जातात.

आधी खाणं, मग इंजेक्शन. खाल्लंच नाही तर किती द्यायचं, की द्यायचंच नाही, हे डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा. आदल्या वेळचा डोस चुकला म्हणून दुप्पट कधीच नाही.

तिसरं कारण

पाचव्या महिन्यात पुन्हा ३००. सिरिंज बरोबर, काकूंची डबी बरोबर, तळही आता २३०च्या वर. म्हणजे या वेळी इन्सुलिनचा असरच कमी होत होता. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं: मागची दाढ किडल्यासारखी, हिरडी लालभडक. शरीरात कुठेही संसर्ग किंवा सूज असली की इन्सुलिन नीट लागू पडत नाही. दाढ काढली, आणि चारच दिवसांत साखर उतरायला लागली, इतकी की डोस अर्ध्या युनिटने कमी करावा लागला. दात, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज हे तपासायला सांगा. आणि आधी कधी खाजेसाठी लांब मुदतीचं स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. त्याने मांजराची साखर वाढते, मधुमेहही उभा राहू शकतो.

हे सगळं नीट असून डोस वाढतच चाललाय, मांजर साखर जास्त असूनही जाड होतंय, तोंड आणि पंजे रुंद वाटतायत, तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक जास्त सुटतंय का, याची तपासणी असते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत मधुमेही मांजरांपैकी साधारण चारात एका मांजराला हा त्रास असावा असं दिसलं होतं, म्हणजे दुर्मीळ म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही.

आणि एका गोष्टीसाठी आकड्याची वाट बघू नका: उलट्या, खाणं बंद, मरगळ, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास. शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की कीटोन तयार होतात; ते लघवीत बघायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, ट्रेमधली वाळू काढून, स्वच्छ केलेल्या रिकाम्या ट्रेत लघवी मिळाली की बुडवता येते. रंग चढला तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी.

डॉक्टरांकडे जाताना मी आता पाच गोष्टी नेते: वही, इन्सुलिनची कुपी, वापरात असलेली एक सिरिंज टोपणासकट, खाण्याच्या पाकिटाचा फोटो, आणि गेल्या आठवड्याची वजनं. डोस बदलला तर पाच ते सात दिवस पुढे काही बदलत नाही, फक्त मोजते. काल सकाळी २०४. तांबू सध्या सकाळ-संध्याकाळ अर्ध्या युनिटवर आहे, पाच किलो सातशे. मागचे पाय मधे टाचेवर टेकून चालायचा, नसांवर परिणाम झाला होता म्हणून. आता गेल्या आठवड्यात पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर खिडकीच्या कठड्यावर चढला.